झुंबर नंतर लावा, आधी मागे एक बेसिन बसवा

मंगल कार्यालयांचे मालक, विश्वस्त आणि व्यवस्थापक यांना,

स. न. वि. वि.

गेली २३ वर्षं मी केटरिंग करते. पुणे-सातारा रस्त्यावरच्या आणि त्याच्या अल्याडपल्याडच्या बऱ्याच कार्यालयांत माझं येणंजाणं आहे, पण ते मागच्या दाराने. पुढच्या दाराशी रांगोळी असते, अत्तरदाणी-गुलाबदाणी असते, हल्ली सेल्फी पॉइंटही असतो. मागच्या दाराशी पत्र्याची शेड, टवके उडालेली फरशी, एक मोरी आणि तिच्यावर एक नळ. त्याच नळावर तांदूळ धुतात, भांडी घासतात, वाढपी पोरं तोंड धुतात आणि तंबाखू खाऊन आलेला कुणी चूळही तिथेच भरतो.

तुम्ही म्हणता, जेवण केटररचं, आमचा फक्त हॉल. मीही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते आणि काही बिघडलं तर मुकाट्याने अंगावर घेत होते. आता माझं मत बदललंय. का बदललं ते सांगायचं तर आधी माझीच एक चूक सांगावी लागेल.

मे महिना, मुंज, ४०० पानांचं काम. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. स्वयंपाकघरात भट्टीचे ४ पॉइंट होते, त्यातले २ बंद. व्यवस्थापक म्हणाले, "सिझन आहे, प्लंबर मिळत नाही." दोन भट्ट्यांवर जिलेबी, पुऱ्या, दोन भाज्या, वरण आणि पुलाव. जिलेबी आणि पुरी आयत्या वेळीच तळायला हवी, म्हणून भात आधी उरकायचा ठरला. पहाटे ५ ला पुलावाचा भात निघाला. मोकळा राहावा म्हणून परातींत पसरला, तुपाचा हात लावून हलवला, कोमट झाल्यावर दोन मोठ्या टोपांत भरला, वर ओलं फडकं आणि झाकण. तेव्हा सव्वासहा वाजले असतील. पुढे भटजी दुसऱ्या मुंजीवरून उशिरा आले, मातृभोजन लांबलं, बटू मध्येच रुसून बसला. पहिली पंगत बसायला दीड वाजला. वाढायच्या आधी आम्ही टोपात गरम पाण्याचा हबका मारला, खाली मंद आच लावून वाफ आणली. भात सुटा, मऊ, वाफाळता. तमालपत्राचा आणि लवंगेचा वास घमघमत होता. मी स्वतः दोन घास खाल्ले.

साडेतीनपासून लोक ओकायला लागले. ३१ जण, त्यात ५ लहान मुलं. बटूच्या आजीला सलाईन लावावं लागलं. संध्याकाळी मीही ओकले. दोन दिवसांत सगळे बरे होऊन घरी गेले, नाहीतर हे पत्र लिहायला मी या धंद्यात उरले नसते.

अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले. तेल कुठलं, तांदूळ कुणाकडून घेतला, असं विचारतील म्हणून मी बिलांची फाईल घेऊन बसले होते. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "भात किती वाजता उतरवला आणि किती वाजता वाढला?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "दहा वाजता टोपाला हात लावला असता तर कसा लागला असता?"

"कोमट."

"मग कोमटच नडलं, बाई."

आपल्याकडे लग्नात विषबाधा झाली की पहिली आवई उठते ती पाल पडल्याची. दुसरी भेसळीची. आता आपल्या घरातली पाल काही विषारी नसते, पण तिच्या माथी मारलं की सगळेच सुटतात. माझ्या भातात पाल नव्हती, भेसळही नव्हती, तांदूळ नवाकोरा होता. होता तो मातीतला एक साधा जंतू, बॅसिलस सीरियस. तो तांदळाबरोबर शेतातूनच येतो. भात उकळला की जंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू, म्हणजे कवचातली झोपलेली रूपं, टिकतात. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि वाढता वाढता भातात विष सोडतात. हे विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. माझ्या वाफेने भात गरम झाला, विष होतं तिथेच राहिलं. आणि त्याला वास नाही, चव नाही. आमचे आचारी झाकण उघडून नाकाने पारख करतात ना, ती विटलेल्या वरणाला चालते, इथे नाही. या विषाने माणूस साधारण १ ते ६ तासांत ओकतो. माझे पाहुणे दोन तासांत ओकले.

धोक्याचा पट्टा ५ ते ६० अंश सेल्सियसचा. सोयीची ऊब मिळाली तर जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत ७ तासांत एका जंतूचे २० लाखांवर जातात. म्हणून अन्न एकतर कडकडीत गरम ठेवायचं नाहीतर पटकन गार करायचं, मध्ये रेंगाळू द्यायचं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तपासणीच्या तक्त्यात हे आकड्यांत दिलंय: शाकाहारी गरम पदार्थ ६५ च्या वर, मांसाहारी ७० च्या वर, गार पदार्थ ५ किंवा त्याखाली. शिजलेलं गार करायचं असेल तर ६० वरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या दोन तासांत. परत गरम करायचं तर आतपर्यंत ७५ गाठून निदान दोन मिनिटं, आणि वरून गरम पाणी ओतून नाही. मी नेमकं तेच केलं होतं. हे सगळं माहीत असायला हवं होतं, ती चूक माझी. पण समजा, त्या दिवशी माहीत असतं, तरी २ भट्ट्यांवर मी काय करणार होते?

कधी शिजवायचं हे आचारी ठरवतो असं तुम्हाला वाटतं. खरं तर ते तुमच्या स्वयंपाकघरात किती भट्ट्या चालू आहेत त्यावर ठरतं. गार करायला जागा आहे का, फ्रीजर आहे का, गरम ठेवायला विजेचा पॉइंट आहे का, त्यावर ठरतं. स्वयंपाकघर तोकडं असलं की घड्याळ मागे सरकतं. सकाळी ९ ला करायचं ते ५ ला होतं, पहाटे करायचं ते आदल्या रात्री.

पनीरची ग्रेव्हीच घ्या. कांदा-टोमॅटो-काजूची ग्रेव्ही आदल्या रात्री ११ ला १०० लिटरच्या पातेल्यात शिजते. भट्टी बंद, वर झाकण, सगळे झोपतात. गार होईल सकाळपर्यंत, असं वाटतं. होत नाही. सकाळी ७ ला मी अशा एका पातेल्यात मधोमध थर्मामीटरची सळई घातली, ४३ अंश भरले. कडेला हात लावला तर गार लागत होतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला हीच ऊब हवी असते, या तापमानाला तो दहाएक मिनिटांत दुप्पट होतो आणि याचेही बीजाणू शिजवून मरत नाहीत. त्याने पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात, पण ते बहुधा ८ ते १६ तासांनी. म्हणजे रात्रीच्या रिसेप्शनचे पाहुणे दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी बेजार होतात आणि दोष प्रवासातल्या पाण्याला देतात. ना मला कळत, ना तुम्हाला. आपल्या हातून असं किती वेळा झालं असेल, याचा हिशोब मी आता मांडत नाही, झोप उडते.

तीच ग्रेव्ही दोन-दोन इंच थरात पसरट ट्रेमध्ये ओतून थंड खोलीत ठेवली की हिशोबात बसते. थराची जाडी दुप्पट झाली तर गार व्हायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. पण पसरट ट्रे ठेवायला मांडणी हवी, मांडणीला खोली हवी. तुमच्याकडे असतो तो कोल्ड्रिंकच्या कंपनीने दिलेला काचेचा फ्रीज, त्यातही अर्ध्या भागात वधूपक्षाचे हार.

त्या मुंजीनंतर मी सळईचा थर्मामीटर घेतला. हजार रुपयांच्या आत मिळतो. आमचे जुने आचारी पहिल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, भाताला ताप आलाय का?" महिनाभर सगळ्यांनी हसून घेतलं. मग महाबळेश्वरच्या एका लग्नात त्यांनीच तो उकळत्या पाण्यात घातला, ९५ च्या पुढे काही तो सरकेना. "बिघडलं तुमचं यंत्र." बिघडलं नव्हतं. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं, आपल्या पुण्यातही १०० ला नाही, ९८ च्या आसपासच. बर्फाच्या काल्यात घातला तर बरोबर शून्य. तेव्हापासून ते सकाळी आधी थर्मामीटर तपासतात आणि मग कढई चढवतात. टोपावर खडूने उतरवल्याची वेळ लिहितात. आजवर माझ्या कामगारांना मी जे जे शिकवलं त्यात हा खडू सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा.

त्या सळईने तुमचा हॉलही दाखवला. तुम्ही एसी बसवले ते चांगलं केलंत, मे महिन्यात पाहुण्यांचे हाल थांबले. पण बुफेची टेबलं नेमकी एसीच्या झोताखाली लागतात, कारण फोटो तिथे चांगले येतात. चाफिंग डिशखालची जेलची ज्योत त्या झोतात फडफडते आणि पंधरा मिनिटांत विझते. वर झाकण चकाकतंय, खाली भाजी ४७ अंशांवर. आम्ही बेन मेरी, म्हणजे अन्न गरम ठेवणारं विजेचं भांडं, आणतो तर तुमचे इलेक्ट्रिशियन सांगतात, लोड घेणार नाही, डीजेची लाईन आहे. डीजेला लोड मिळतो, भाजीला मिळत नाही!

आता हात धुण्याचं. इथे मला जरा स्पष्ट लिहू द्या.

स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निरोगी माणसाच्याही नाकात आणि कातडीवर असतो, कापलेल्या-पिकलेल्या बोटात तर खच्चून असतो. चिरताना बोट कापलं की आमच्याकडे हळद दाबून, चिंधी बांधून माणूस पुन्हा कामाला. तो हात श्रीखंडात, बासुंदीत, पनीरमध्ये गेला आणि पदार्थ उन्हाळ्यात बाहेर राहिला की याचंही विष तयार होतं आणि तेही उकळून जात नाही. मी आता निळी चिकटपट्टी आणि हातमोजे ठेवते, जखम असलेल्याला भांड्यांवर नाहीतर सामान उचलायला लावते. वर्षातून एकदा सगळ्यांची वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस, हे नियमात आहे आणि ते मी करते. पण हात धुवायला जागा तुमची लागते.

तुमच्यापैकी किती जणांच्या स्वयंपाकघरात फक्त हात धुवायला वेगळं बेसिन आहे? मी पाहिली त्यात एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. साबण त्याहून कमी. आणि संडास? हॉलमधल्या चकचकीत स्वच्छतागृहावर पाटी असते: 'कामगारांनी वापर करू नये.' मग माझी ३० पोरं जातात कुठे? कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, बाटली घेऊन. तिथून येऊन तीच पोरं नवऱ्यामुलाच्या पानात जिलेबी वाढतात. ही पाटी तुम्ही पाहुण्यांच्या सोयीसाठी लावली. ती पाहुण्यांच्याच पोटात जाते.

बर्फाचं थोडक्यात सांगते. मठ्ठ्याला बर्फ लागतो आणि यजमान आयत्या वेळी पोऱ्याला पिटाळतात. तो गोणपाटात लादी आणतो, जमिनीवर ठेवून मोगरीने फोडतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात नियम झाला की खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा. बाजारात पांढरा दिसणारा सगळाच खाण्याचा असतो असं समजू नका. कार्यालयाने एक बर्फाचं यंत्र घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही. आम्ही भाडं देऊ.

आणखी एक गोष्ट, जी फक्त तुमच्याच हातात आहे: एकाच स्वयंपाकघराचे दोन सौदे. रात्रीच्या रिसेप्शनचा केटरर दीड वाजता निघतो आणि सकाळच्या लग्नाचा ४ वाजता येतो. अडीच तासांत तुमचा एक माणूस पाईपने फरशीवर पाणी मारतो. ओट्यावर काल कुणी काय चिरलं, देवाला माहीत. एकदा शाकाहारी लग्नाच्या सकाळी मला मोरीत कोंबडीची पिसं सापडली होती. यजमानांना कळलं असतं तर पंगत उठली असती, आणि धर्मापलीकडेही सांगते, कच्च्या कोंबडीच्या पाण्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि त्याच ओट्यावर आम्ही कोशिंबिरीच्या काकड्या चोचवणार होतो. कोशिंबीर तर शिजतही नाही. त्या दिवशी ओटा आधी साबणाने, मग क्लोरीनच्या पाण्याने धुवायला तासभर गेला. तो तास स्वयंपाकाच्या वेळेतून गेला, आणि असा तास भरून काढायचा म्हणजे भात पुन्हा लवकर.

उरलेल्या अन्नाबद्दल लिहू की नको, विचारात होते, कारण त्यामागची भावना चांगली आहे. ५ वाजता हॉल रिकामा करायचा असतो. तेव्हा यजमान म्हणतात, सोलापूरच्या मंडळींना डबे भरून द्या, बाकीचं आश्रमाला पाठवा. दुपारी १ पासून टेबलावर बसलेली पनीरची भाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एसटीत ५ तास जाणार, नाहीतर संध्याकाळी ८ ला आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या ताटात पडणार. पहिलं पान बसायच्या आधीच जे वेगळं, गरम काढून ठेवलंय तेवढंच द्यायचं, असा माझा नियम आहे. त्यापायी मी आजवर तीन यजमानांशी भांडले, एकाने बिलातले ५ हजार कापले. वाढायला घेतलेलं मी आश्रमाला देत नाही. माझी बदनामी 'अन्न टाकणारी बाई' अशी झाली आहे, होऊ दे.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय हे पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचणार नाही. बाहेरचा केटरर आला की तुम्ही रॉयल्टी घेता. पानामागे घ्या, नाहीतर ठोक घ्या, माझी तक्रार नाही. पण रॉयल्टी कशाची? हॉलचं भाडं यजमान वेगळं देतातच. म्हणजे ती स्वयंपाकघराची झाली. मग स्वयंपाकघर द्या. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, तो लागू झाला ५ ऑगस्ट २०११ ला, आणि अधिकारी आले की परवाना माझा मागतात, मी दाखवते. पण दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते ती 'अमुक मंगल कार्यालयात विषबाधा' अशीच. केटररचं नाव तिसऱ्या परिच्छेदात असतं, असलंच तर.

सगळं एकदम करा असं मी म्हणत नाही. जुनी कार्यालयं ट्रस्टची आहेत, भाडी कमी आहेत, जागा अडचणीची आहे, हे मला दिसतं. एखाद्या देवस्थानाच्या कार्यालयात ओटासुद्धा वाढवता येत नाही. पण मागच्या दारातून आत शिरताच, आचाऱ्याच्या वाटेत, एक बेसिन कुठेही बसतं. कामगारांसाठी एक संडास, त्यात पाणी आणि साबण. सगळ्या भट्ट्या चालू. १५ अँपियरचे तीन-चार पॉइंट, डीजेपासून वेगळे. नवं बांधत असाल तर एक छोटी थंड खोली आणि तिच्यात मांडण्या, हारांसाठी निराळा फ्रीज. भाज्या जमिनीवर चिरायला लागू नयेत एवढे ओटे. टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर. आणि दोन सौद्यांमध्ये निदान ४ तास, भले त्या दिवशी एक बुकिंग सोडावं लागलं तरी.

करारनाम्यात एक ओळही वाढवा. तुमच्या छापील अर्जावर मुहूर्ताची वेळ असते, जेवणाची नसते. 'पहिली पंगत किती वाजता' असा रकाना घाला आणि त्यावर यजमानांची सही घ्या. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा आणि पंगत २ ला, हे आम्हाला आदल्या दिवशी कळलं तर भात साडेबाराला उतरतो. फोटोग्राफरने जोडप्याला तासभर अडकवलं तर दाखवायला आमच्याकडे निदान एक कागद असेल.

आमच्या बाजूने मी एवढं सांगू शकते: माझ्या प्रत्येक कामाला थर्मामीटर असेल, वहीत वेळ आणि तापमान लिहिलेलं असेल, आणि ती वही तुमच्या व्यवस्थापकांनी कधीही मागावी. दोघा-तिघा केटरर मैत्रिणींनीही सुरू केलंय. ज्यांच्याकडे वही नाही त्यांना स्वयंपाकघर देऊ नका, ती वेळ माझ्यावर आली तरी मला वाईट वाटणार नाही.

आता आषाढी झाली, चातुर्मास लागला. तुळशीची लग्नं होईपर्यंत तुमचे हॉल बरेचसे रिकामे असतील, वाढदिवस आणि बारशी सोडली तर. याच दिवसांत तुम्ही रंग काढता, पडदे बदलता. सिझनमध्ये न मिळणाऱ्या त्या प्लंबरला या वेळी मागच्या दारानेही आत घ्या. बेसिनचा नळ कोपराने उघडणारा बघा, हात पिठाने भरलेले असतात.

आपली,
पुण्यातली एक केटरर